मर्सियाचं विलीनीकरण : सात राज्यांचं एक इंग्लंड कसं झालं

डिसेंबर 918. नाताळाला तीन आठवडे उरले असताना इंग्लंडच्या मध्यभागातल्या मर्सिया या राज्याची सत्ता सांभाळणाऱ्या एल्फविन या तरुणीचे सगळे अधिकार काढून घेण्यात आले आणि तिला दक्षिणेकडच्या वेसेक्स या राज्यात नेण्यात आलं. (काही अभ्यासक हे वर्ष 919 धरतात.) तिची आई एथेलफ्लेड सहा महिन्यांपूर्वी, 12 जूनला, टॅमवर्थ इथे वारली होती. अधिकार काढून घेणारा वेसेक्सचा राजा एडवर्ड हा एथेलफ्लेडचा सख्खा भाऊ, म्हणजे एल्फविनचा मामा. यानंतर त्या काळच्या इतिवृत्तात, म्हणजे वर्षवार नोंदींत, एल्फविनचं नाव पुन्हा येत नाही.

एवढी नोंद तरी उरली ती मर्सियात लिहिल्या गेलेल्या एका छोट्या वृत्तांतामुळे. 902 ते 924 या काळातल्या या मोजक्या नोंदी पुढे अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताच्या काही हस्तलिखितांत तशाच उतरवल्या गेल्या. वेसेक्सच्या बाजूने लिहिलेल्या मुख्य इतिवृत्तात एल्फविन कुठेच नाही. तिथे एवढंच सांगितलं आहे की राजाची बहीण टॅमवर्थला वारली, राजाने टॅमवर्थ ताब्यात घेतलं आणि तिच्या अमलाखालचे सगळे मर्सियन राजाकडे वळले. इतकं सरळ.

इंग्लंड एक कसं झालं याची शाळेत शिकवतात ती गोष्टही अशीच सरळ आहे. समुद्रापलीकडून आलेल्या डेन टोळ्यांनी धुमाकूळ घातला, वेसेक्सच्या आल्फ्रेडने त्यांना रोखलं, त्याच्या मुलाने आणि नातवाने त्यांचा मुलूख जिंकला आणि देश एक झाला. या गोष्टीत मर्सिया आपोआप मागून येतं. मला मात्र वाटतं, सगळी गाठ मर्सियातच आहे. डेनांचा मुलूख तलवारीने घेता आला. मर्सिया हे वेसेक्सवर दीर्घकाळ वरचढ राहिलेलं, स्वतःचे राजे, स्वतःचे संत आणि स्वतःची सरदारमंडळी असलेलं राज्य होतं. ते वेसेक्सशी एकही लढाई न करता त्याच्या राजाखाली आलं आणि थोडे झटके सोडले तर तिथेच राहिलं. हे कसं जमलं, ते या प्रकरणात पाहू.

829 चा फसलेला प्रयोग

आठव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये शब्द चालायचा तो मर्सियाचा. ऑफा राजाने (757–796) वेल्सच्या सीमेवर मैलोन्‌मैल मातीचा बांध घातला आणि आपल्या नावाची उत्तम चांदीची पेनी पाडली. कँटरबरीचा आर्चबिशप त्याच्या कह्यात राहत नव्हता, म्हणून पोपकडून त्याने लिचफील्डला वेगळं आर्चबिशपपद मिळवलं. ते 787 ते 803 टिकलं. केंट, ससेक्स, एसेक्स, ईस्ट अँग्लिया ही राज्यं कमी-अधिक त्याच्या दबावाखाली होती. वेसेक्स आणि उत्तरेकडचं नॉर्थम्ब्रिया एवढीच काय ती स्वतंत्र म्हणावी अशी उरली होती.

825 मध्ये पारडं फिरलं. विल्टशायरमधल्या एलेंडनच्या लढाईत वेसेक्सच्या एग्बर्टने मर्सियाच्या बेऑर्नवुल्फचा पराभव केला आणि केंट, सरे, ससेक्स, एसेक्स त्याच्याकडे गेले. चार वर्षांनी त्याने थेट मर्सिया जिंकलं आणि डोर इथे नॉर्थम्ब्रियाच्या लोकांनीही त्याचं वर्चस्व मान्य केलं. म्हणजे नुसती यादी पाहिली तर एकीकरण 829 लाच पूर्ण झालं होतं. पण 830 मध्ये विग्लाफ पुन्हा मर्सियाच्या गादीवर बसला आणि सगळं होतं तसं झालं.

हे अपयश नीट पाहायला हवं, कारण पुढच्या शंभर वर्षांत जे वेगळं घडलं ते इथूनच समजतं. त्या काळी शेजारचं राज्य जिंकणाऱ्या राजाच्या हाती लागायची खंडणी आणि निष्ठेची शपथ. न्यायनिवाडा, वसुली, जमिनीची वाटणी हे सगळं स्थानिक सरदारांच्याच हातात राहायचं. सैन्य घरी परतलं की शपथ सैल पडायची. केंट मात्र वेसेक्सकडे टिकलं, कारण तिथे एग्बर्टने आपला मुलगा एथेलवुल्फ याला उपराजा म्हणून बसवलं आणि केंटच्या सरदारांना सांभाळून घेतलं. मर्सियात असं काही करायची त्याची कुवतच नव्हती.

पुढच्या पिढीने वेगळी वाट धरली. 853 मध्ये एथेलवुल्फने मर्सियाच्या बर्ग्रेड राजाला वेल्सविरुद्ध मदत केली आणि आपली मुलगी एथेलस्विथ त्याला दिली. 868 मध्ये आल्फ्रेडने मर्सियन सरदाराची मुलगी एल्स्विथ हिच्याशी लग्न केलं. सोयरिकीच्या जोडीला नाणंही जुळलं. 860 च्या दशकात वेसेक्सने मर्सियाच्या पेनीची घडण उचलली आणि दोन्ही राजांची नाणी एकाच नमुन्याची पडू लागली. लंडनच्या बाजारात एखाद्या व्यापाऱ्याला दोन्ही सारखीच चालत असणार. राजकीय ऐक्याच्या पन्नास-साठ वर्षं आधी व्यवहाराचं ऐक्य सुरू झालं होतं, आणि ते कुणी कुणावर लादलेलं नव्हतं.

डेनांनी मैदान मोकळं केलं

865 मध्ये डेनांचं मोठं सैन्य ईस्ट अँग्लियात उतरलं. त्याआधी ते लुटायला यायचे आणि परत जायचे. हे लोक राहायला आले होते. 866 च्या नोव्हेंबरात त्यांनी यॉर्क घेतलं आणि पुढच्या वर्षी नॉर्थम्ब्रियाचे गादीसाठी भांडणारे दोन्ही राजे एकाच लढाईत मारले गेले. 869 मध्ये ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड मारला गेला. 874 मध्ये बर्ग्रेडला हाकलण्यात आलं. तो रोमला गेला आणि तिथेच वारला. 877 मध्ये डेनांनी मर्सियाचा पूर्वेकडचा भाग आपसात वाटून घेतला आणि पश्चिमेचा भाग चेओलवुल्फ या राजाकडे ठेवला.

दहा-बारा वर्षांत चार मोठ्या राजघराण्यांपैकी तीन उखडली गेली. एरवी वेसेक्सला ही घराणी मोडायला किती पिढ्या लागल्या असत्या, आणि जमलं असतं का, कोण जाणे. जे काम शत्रूने केलं त्याचं श्रेय वेसेक्सच्या दरबारी लेखकांनी अर्थातच शत्रूला दिलं नाही.

वेसेक्सही जवळजवळ गेलंच होतं. जानेवारी 878 मध्ये गुथ्रम या डेन राजाच्या सैन्याने चिपनहॅमवर अचानक झडप घातली आणि आल्फ्रेडला सॉमरसेटच्या दलदलीत, अ‍ॅथेल्नीला आसरा घ्यावा लागला. मे महिन्यात एडिंग्टनच्या लढाईत तो जिंकला. गुथ्रमने आपल्या तीस निवडक माणसांसह बाप्तिस्मा घेतला, आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला आणि गुथ्रम ईस्ट अँग्लियात जाऊन राज्य करू लागला. पुढे दोघांनी सीमा ठरवली: थेम्स नदीने वर, मग ली नदीने तिच्या उगमापर्यंत, तिथून सरळ बेडफर्डला आणि पुढे ऊझ नदीने वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या रोमन रस्त्यापर्यंत.

पुसून टाकलेला राजा

इथे चेओलवुल्फपाशी जरा थांबतो. इतिवृत्त त्याला राजा मानायलाच तयार नाही. त्याचा उल्लेख ‘एक मूर्ख राजसेवक’ असा येतो: डेनांनी बसवलेलं आणि त्यांना हवं तेव्हा राज्य परत करायची शपथ घेतलेलं बाहुलं. कित्येक शतकं इतिहासकारांनी हेच खरं मानलं.

2015 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनजवळ धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला सुमारे दोनशे नाण्यांचा ठेवा सापडला. तो आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. त्यात आल्फ्रेडची आणि चेओलवुल्फची नाणी एकत्र आहेत, आणि दोघांची नाणी एकाच घडणीची आहेत. त्यातल्या एका नमुन्यावर रोमन नाण्यावरून घेतलेलं चित्र आहे: दोन सम्राट शेजारी-शेजारी बसले आहेत आणि वर पंख पसरलेली विजयदेवता आहे. असं नाणं दोन्ही राजांच्या नावाने पडलं होतं. अशी दोन-चारच नाणी पूर्वी माहीत होती, त्यामुळे तो अपवाद म्हणून सोडून देता येत होता. आता तसं म्हणता येत नाही. आल्फ्रेड आणि चेओलवुल्फ काही वर्षं बरोबरीच्या नात्याने, ठरवून एकत्र काम करत होते.

मग बाहुलं कोणी ठरवलं? इतिवृत्त 890 च्या दशकात, आल्फ्रेडच्या अमलात, त्याच्या वर्तुळात संकलित झालं. तोवर मर्सिया त्याच्या छत्राखाली आलं होतं. आपल्या शेजारी बरोबरीने बसलेला मर्सियाचा राजा त्या वेळी कुणालाच आठवायला नको होता. चेओलवुल्फ आणि चाळीस वर्षांनी एल्फविन, दोघांच्या बाबतीत एकच पद्धत दिसते. आधी भागीदारी, मग भागीदाराचं नाव नोंदीतून गायब. हे मला खटकतं आणि खटकायलाच हवं, कारण पुढे हजार वर्षं आपण तीच नोंद इतिहास म्हणून वाचली.

जावई आणि मीठ

चेओलवुल्फनंतर, 879 च्या सुमारास, मर्सियाची सूत्रं एथेलरेड या सरदाराकडे आली. त्याने स्वतःला राजा म्हणवलं नाही. 883 च्या एका सनदेत तो आल्फ्रेडच्या संमतीने दान देताना दिसतो. 886 मध्ये आल्फ्रेडने लंडन ताब्यात घेतलं, तटबंदी नीट केली आणि शहर एथेलरेडकडे सोपवलं, कारण लंडन परंपरेने मर्सियाचं होतं. हाती आलेलं एवढं मोठं शहर दुसऱ्याला देणं सोपं नसतं. त्याच प्रसंगी, इतिवृत्त सांगतं, डेनांच्या अमलाबाहेरच्या सगळ्या इंग्रज लोकांनी आल्फ्रेडचं स्वामित्व मान्य केलं. आल्फ्रेडची मोठी मुलगी एथेलफ्लेड याच सुमारास एथेलरेडला दिली गेली. सनदांमधून आल्फ्रेड आता वेसेक्सचा राजा याऐवजी ‘अँग्लो-सॅक्सनांचा राजा’ असं लिहू लागला.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालायची? वूस्टरची एक सनद त्याचं छान उत्तर देते. 890 च्या दशकातल्या या सनदेत एथेलरेड आणि एथेलफ्लेड सांगतात की बिशप वेर्फर्थच्या विनंतीवरून आम्ही वूस्टरला तटबंदी घातली आहे. आता बाजारातल्या आणि रस्त्यावरच्या आमच्या हक्कांतला अर्धा वाटा चर्चला देत आहोत. मारामारी, चोरी, व्यापारातली लबाडी आणि तटाची नासधूस यांचे दंडही निम्मे निम्मे. फक्त एक अपवाद: ड्रॉइटविचच्या मिठागरांवर दर गाडीमागे एक शिलिंग आणि दर ओझ्यामागे एक पेनी हा कर राजाकडेच जाईल, जसा नेहमी जात आला आहे. सनदेला आल्फ्रेडची साक्ष आहे.

तट बांधायचा मर्सियाने, बाजार मर्सियाचा, दंडाचा हिशेब मर्सियाच्या बिशपबरोबर. मिठाचा पैसा मात्र राजाला. आणि मर्सियाच्या टांकसाळीत नाणं पडायचं ते आल्फ्रेडच्या नावाने. एथेलरेडच्या नावाचं एकही नाणं नाही, पुढे एथेलफ्लेडच्या नावाचंही नाही. मर्सियाच्या माणसाला रोजच्या जगण्यात फारसं काही बदललेलं जाणवत नव्हतं. पण सर्वोच्च सत्तेच्या खुणा एकेक करून दक्षिणेकडे सरकत होत्या.

उलट दिशेनेही बरंच काही गेलं. आल्फ्रेडने विद्येचं पुनरुज्जीवन हाती घेतलं तेव्हा त्याला वेसेक्समध्ये शिकलेली माणसं मिळेनात. वेर्फर्थ आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला प्लेगमंड हे दोघं मर्सियाचे. आपल्या कायद्यांच्या संहितेत त्याने वेसेक्सच्या इने राजाबरोबर केंटच्या एथेलबर्टचे आणि मर्सियाच्या ऑफाचे कायदे आधाराला घेतल्याचं स्पष्ट लिहिलं. तीन राज्यांतल्या लोकांना आपलाच कायदा पुढे चालल्यासारखं वाटावं, असा तो मजकूर आहे.

तटाचं गणित

वेसेक्सने डेनांपुढे टिकण्यासाठी जी यंत्रणा उभी केली तिला बर्ह म्हणतात: तटबंदी घातलेलं ठाणं, बहुतेक ठिकाणी आत बाजार, काही ठिकाणी टांकसाळ. दहाव्या शतकाच्या सुरुवातीची अशा तीसेक ठाण्यांची यादी उपलब्ध आहे आणि तिच्यातलं गणित पाहण्यासारखं आहे. हाइड म्हणजे साधारण एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन. प्रत्येक हाइडमागे एक माणूस, आणि तटाच्या दर साडेपाच यार्डांमागे चार माणसं. विंचेस्टरला 2400 हाइड नेमून दिल्या होत्या. म्हणजे 2400 माणसं, त्यांना पुरणारा तट 3300 यार्ड. विंचेस्टरचा जुना रोमन तट मोजला तर जवळजवळ तेवढाच भरतो. कुणीतरी तटावरून दोरी घेऊन फिरलं होतं, आणि मग आजूबाजूच्या गावांच्या जमिनी मोजून माणसं वाटून दिली होती.

सगळ्या ठाण्यांची मिळून माणसं सुमारे 27,000 भरतात. मला ही यादी कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा महत्त्वाची वाटते. कारण ज्या राजाला गावागावातली जमीन मोजून माणूस मागता येतो, त्याला उद्या करही मागता येतो आणि न्यायालयही बसवता येतं. एग्बर्टकडे 829 मध्ये नेमकं हेच नव्हतं.

बहीण-भाऊ

आल्फ्रेड 899 मध्ये वारला आणि त्याचा मुलगा एडवर्ड गादीवर आला. एडवर्डच्या चुलत भावाने, एथेलवोल्डने, बंड केलं, डेनांची मदत घेतली आणि होल्मच्या लढाईत तो मारला गेला. तो जिंकला असता तर कदाचित डेनांच्या जोरावर वेगळंच एकीकरण झालं असतं.

909 मध्ये वेसेक्स आणि मर्सियाच्या सैन्याने डेनांच्या ताब्यातल्या मुलखात घुसून बार्डनीहून संत ऑस्वाल्डच्या अस्थी उचलल्या आणि त्या मर्सियात आल्या. एथेलरेड-एथेलफ्लेडने ग्लॉस्टरला बांधलेल्या चर्चमध्ये त्या ठेवल्या गेल्या. ऑस्वाल्ड हा सातव्या शतकातला नॉर्थम्ब्रियाचा राजा, मर्सियाच्याच राजाशी लढताना पडलेला. आता तो मर्सियाचा रक्षणकर्ता झाला. पुढच्याच वर्षी टेटनहॉलला दोन्ही राज्यांच्या सैन्याने नॉर्थम्ब्रियाच्या डेनांचा असा धुव्वा उडवला की पुढची कित्येक वर्षं उत्तरेकडून मोठा हल्ला झाला नाही.

911 मध्ये एथेलरेड वारला. एडवर्डने लगेच लंडन आणि ऑक्सफर्ड आणि त्यांच्याखालचा मुलूख स्वतःकडे घेतला. माझ्या मते विलीनीकरणाचा पहिला लचका हाच. उरलेलं मर्सिया एथेलफ्लेडकडे राहिलं. मर्सियन लोक तिला ‘मर्सियनांची स्वामिनी’ म्हणत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये एखाद्या स्त्रीने स्वतःच्या अधिकारात राज्य चालवावं आणि सरदारांनी ते मान्य करावं हे विलक्षणच. आई मर्सियन, वडील आल्फ्रेड: दोन्ही बाजूंना ती आपली वाटत होती.

मग पाच-सात वर्षं बहीण-भावाने पुढे सरकणाऱ्या ठाण्यांची एक रांगच उभी केली. ती ब्रिजनॉर्थला, मग 913 मध्ये टॅमवर्थ आणि स्टॅफर्डला, 914 मध्ये एडिस्बरी आणि वॉरिकला, 915 मध्ये रंकॉर्नला. तो हर्टफर्ड, विटहॅम, बकिंगहॅम, बेडफर्ड, माल्डनला. एक ठाणं उभं राहिलं की डेनांचा तेवढा टापू कोंडला जायचा, आसपासचे लोक शपथ घ्यायचे आणि मग पुढचं ठाणं. 917 च्या उन्हाळ्यात डेनांचं सगळं बळ एडवर्डच्या ठाण्यांवर तुटून पडलं असताना एथेलफ्लेडने ऑगस्टच्या आधीच डर्बी घेतलं. तिच्या जिव्हाळ्याचे चार सरदार तिथल्या वेशीच्या आत पडले, असं मर्सियाची नोंद सांगते. मुख्य इतिवृत्तात ही डर्बीची लढाई नाही. वर्षाअखेर ईस्ट अँग्लिया एडवर्डकडे गेलं. 918 च्या सुरुवातीला लेस्टर लढाईविना तिच्याकडे आलं आणि यॉर्कच्या लोकांनीही तिला शब्द दिला. शब्द दिला तो तिला, एडवर्डला नाही. आणि जूनमध्ये ती गेली.

डेनांना सरसकट हाकलून दिलं असा समज असेल तर तो काढून टाकायला हवा. जे शरण आले त्यांच्या जमिनी बहुतेक त्यांच्याकडेच राहिल्या. लढाईच्या आधीपासून दुसरीही एक युक्ती चालू होती. 926 च्या एका सनदेत कळतं की बेडफर्डशायरमधली चालग्रेव्ह आणि टेबवर्थची जमीन एका इंग्रज सरदाराने ‘विधर्मीयांकडून’ दहा पौंड सोनं-चांदी देऊन विकत घेतली होती, आणि तीही एडवर्ड राजा आणि एथेलरेड यांच्या हुकमावरून. म्हणजे सैन्य पोचायच्या आधी खरेदीखतं पोचत होती.

918 नंतर

एडवर्डला एल्फविनला काही महिने राहू द्यावं लागलं आणि मग हटवावं लागलं, यातूनच कळतं की मर्सियन लोक स्वतःचा वारस चालवू पाहत होते. इतकी वर्षं मर्सियाला सांभाळून घेतल्यावर एडवर्डने इथे बळ वापरलं. तो अन्याय होता असं मला वाटतं. तो राजकीयदृष्ट्या फळला हेही खरं. पण लगेच नाही. 924 मध्ये चेस्टरच्या लोकांनी वेल्सच्या मदतीने बंड केलं; ते मोडून एडवर्ड जवळच्याच फार्नडनला 17 जुलैला वारला.

लगेच जुनी फट उघडली. मर्सियनांनी एडवर्डचा थोरला मुलगा एथेलस्टन याला राजा निवडलं. वेसेक्सचा कल त्याच्या सावत्र भावाकडे, एल्फवेअर्डकडे दिसतो. पण तो बापापाठोपाठ सोळा दिवसांत ऑक्सफर्डला वारला. नाहीतर 924 मध्ये दोन राज्यं पुन्हा वेगळी झाली असती अशी दाट शक्यता आहे. बाराव्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी सांगतो की एथेलस्टन आत्याकडे, एथेलफ्लेडच्या घरी, मर्सियात वाढला होता. मर्सियनांनी त्याला इतक्या चटकन आपला मानलं त्याचं कारण त्यातच असावं. विंचेस्टरची, म्हणजे वेसेक्सच्या मुख्य ठिकाणाची, कुरकुर वर्षभर चालली. 4 सप्टेंबर 925 ला त्याचा राज्याभिषेक झाला तो किंग्स्टनला, थेम्सच्या काठी, दोन जुन्या राज्यांच्या सीमेवर.

एल्फविनला हटवून वेसेक्सने मर्सिया गिळलं, पण सहा वर्षांनी सगळ्या राज्यावर बसला तो मर्सियनांनी निवडलेला माणूस. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढचं वेगाने झालं. जानेवारी 926 मध्ये टॅमवर्थला एथेलस्टनने आपली बहीण यॉर्कच्या सिट्रिक राजाला दिली. वर्षभरात सिट्रिक वारला आणि एथेलस्टनने यॉर्क घेतलं. 12 जुलै 927 ला इमंट नदीकाठी स्कॉटांचा राजा कॉन्स्टँटाइन, वेल्सचे राजे आणि नॉर्थम्ब्रियाच्या उत्तर टोकाच्या बॅम्बराचा एल्ड्रेड यांनी त्याचं वर्चस्व मान्य केलं. इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्या मुलखावर पहिल्यांदाच एक राजा आला.

त्याचं राज्य कसं चालायचं ते सनदांच्या साक्षीदारांवरून दिसतं. 28 मे 934 ला दरबार विंचेस्टरला होता, 7 जूनला नॉटिंगहॅमला. स्कॉटलंडच्या मोहिमेवर निघालेला राजा आर्चबिशप, वेल्सचे मांडलिक आणि डेन नावांचे सरदार बरोबर घेऊन चालला होता. ग्रेटलीच्या सभेत त्याने कायदा केला की राजाच्या सगळ्या मुलखात नाणं एकच असेल आणि ते गावाच्या तटाआतच पडेल. खोटं नाणं पाडणाऱ्याचा हात तोडून टांकसाळीवर टांगायचा. लंडनला आठ नाणी पाडणारे, कँटरबरीला सात, विंचेस्टरला सहा, असं नेमूनही दिलं होतं.

जिल्हे

दहाव्या शतकात कधीतरी मर्सियाचा सगळा मुलूख नव्याने जिल्ह्यांत, म्हणजे शायरांत, वाटला गेला. नकाशा काढून पाहावा. डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर, लेस्टरशायर, स्टॅफर्डशायर, वॉरिकशायर, बेडफर्डशायर: सगळी नावं ठाण्यांची. मर्सियातले जुने टोळीवार प्रदेश, त्यांच्या सीमा, त्यांची नावं या वाटणीत जवळजवळ पुसली गेली. मर्सियाच्या राजांचं मुख्य ठिकाण टॅमवर्थ. ते कुठल्याही जिल्ह्याचं ठाणं झालं नाही. स्टॅफर्डशायर आणि वॉरिकशायरची सीमा थेट टॅमवर्थ गावातून गेली, आणि एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत ते गाव दोन जिल्ह्यांत विभागलेलं राहिलं. हे सहज झालं असेल असं मी मानत नाही.

जिल्ह्याखाली हंड्रेड, आपल्या परगण्यासारखा. दर चार आठवड्यांनी त्याची सभा. चोर पकडायचा, साक्षी काढायच्या, दंड वसूल करायचा तो राजाच्या नावाने. 973 च्या सुमारास एडगर राजाने सगळ्या देशाचं नाणं एका छापाचं केलं: राजाचं नाव, टांकसाळीच्या गावाचं नाव, पाडणाऱ्याचं नाव. पुढे दर काही वर्षांनी जुनं नाणं परत घेऊन नवं पाडायचा परिपाठ पडला. लिंकनच्या डेन वंशाच्या व्यापाऱ्यालाही चांदी घेऊन टांकसाळीत जावंच लागे. त्याच एडगरने डेनांना आपापले चांगले कायदे स्वतः ठरवायची मोकळीकही दिली. ही जोडी नीट पाहावी. नाणं एक, वसुली एक. कायदा मात्र ज्याचा त्याचा.

पुन्हा पुन्हा उसवणारी शिवण

939 मध्ये एथेलस्टन वारताच डब्लिनच्या ओलाफने यॉर्क घेतलं आणि त्याची सत्ता मर्सियातल्या पाच डेन नगरांपर्यंत आली. 942 मध्ये एथेलस्टनचा भाऊ आणि वारस एडमंड याने ती नगरं परत मिळवली. त्यावरचं समकालीन काव्य सांगतं की तिथले डेन उत्तरेकडच्या विधर्मी लोकांच्या जोखडाखाली होते आणि एडमंडने त्यांना सोडवलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांना जिंकलं त्यांनाच आता आपली प्रजा म्हणून सोडवलं जात होतं. यॉर्क 954 पर्यंत हातातून निसटत राहिलं. तिथला राजा एरिक याला हाकलल्यावर तिथे पुन्हा स्वतंत्र राजा झाला नाही. 957 मध्ये मर्सियनांनी आणि नॉर्थम्ब्रियनांनी एडगरला राजा निवडलं आणि थेम्सच्या दक्षिणेला त्याचा भाऊ एडविग राहिला. 959 मध्ये एडविग वारला आणि राज्य पुन्हा जुळलं. 1016 मध्ये डेन राजा नूट आणि इंग्रज राजा एडमंड आयर्नसाइड यांनी वाटणी केली तीही त्याच रेषेवर: वेसेक्स एकाकडे, मर्सिया दुसऱ्याकडे. सहा-सात आठवड्यांत एडमंड वारला. 1035 नंतर नूटच्या दोन मुलांच्या भांडणातही थेम्सच सीमा झाली.

दर वेळी कुणाचा तरी अकाली मृत्यू कामाला आला, हे नाकारता येत नाही. उत्तरेला तर ही व्यवस्था पोचलीच नव्हती. यॉर्कच्या पुढे टांकसाळ नव्हती, बॅम्बराचे सरदार आपापलं पाहत होते, आणि 1086 च्या डूम्सडे या देशभरच्या जमीन-नोंदणीतही टीज नदीपलीकडचा मुलूख नाही.

पण 1065 च्या शरद ऋतूत यॉर्कशायर आणि नॉर्थम्बरलंडच्या सरदारांनी आपल्या टोस्टिग या अर्लविरुद्ध, म्हणजे राजाने नेमलेल्या प्रांताधिकाऱ्याविरुद्ध, उठाव केला, यॉर्कमध्ये त्याची माणसं कापून काढली, मर्सियाच्या घराण्यातल्या मॉर्कारला बोलावलं आणि सैन्य घेऊन नॉर्थॅम्प्टनपर्यंत खाली आले. मर्सियाचा अर्ल एडविन त्यांना येऊन मिळाला. शंभर वर्षांपूर्वी असं सैन्य वेगळा राजा निवडून मोकळं झालं असतं. या वेळी त्यांच्या मागण्या दोनच होत्या: मॉर्कारला आमचा अर्ल म्हणून राजाने मान्यता द्यावी आणि नूटच्या वेळचे कायदे पुन्हा लागू करावेत. तेव्हाच्या एडवर्ड राजाने (हा आल्फ्रेडचा मुलगा नव्हे, नंतरचा) ऑक्सफर्डला दोन्ही मान्य केल्या आणि सैन्य परत गेलं.